डोंगराचा वर्षावास

बाबा, माउंट केनियावर एप्रिलमध्ये जाऊ नये. हे तुम्हाला आधी सांगते, कारण ही चूक जगात फक्त आपल्याच घरची माणसं करू शकतात आणि तिच्यात तुमचा मोठा वाटा आहे. विषुववृत्ताला टेकून उभा असलेला हा डोंगर इतका उंच आहे की भर विषुववृत्तावर तो डोक्यावर बर्फ बाळगतो. त्याच्याकडे जायचं तर जानेवारी-फेब्रुवारीत जावं, नाहीतर जुलै ते सप्टेंबर. मार्च ते मे तिथे धो-धो पाऊस असतो, आणि ही माहिती त्या डोंगराबद्दलच्या कुठल्याही पुस्तकात अगदी सुरुवातीला दिलेली असते. मी नेमकं तेवढंच वाचलं नाही. जमिनीत पाणी कसं मुरतं याची गणितं मांडण्याचा मी पगार घेते, कायझर्सलाउटर्नच्या संस्थेत लोक मला त्यासाठी डॉक्टर म्हणतात, आणि पाऊस कधी पडतो एवढं मात्र मी बघितलं नाही. बघायचं कशाला? ते मला पाठ होतं. पाऊस आषाढात लागतो आणि आश्विनात उघडतो, आणि तेवढे तीन महिने घर सोडून कुठे जायचं नसतं. तुम्हीच शिकवलंत.

तुमच्या माघारी इतकं काही घडलंय की कुठून सुरुवात करावी कळत नाही. मी जर्मनीला निघाले त्याच्या आदल्या थंडीत तुम्ही गेलात, त्यामुळे तुम्हाला हे गाव माहीत नाही, जावई माहीत नाहीत, आणि तुमची नात तर मुळीच माहीत नाही. ती आता सोळा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. उंचीने माझ्यापेक्षा वीतभर जास्त, रागाने तुमच्यावर गेलेली. शाळा सुटली की ती क्लेटरहालेत जाते, म्हणजे एका मोठ्या गोदामात खोट्या भिंती उभ्या केल्यात, त्यांवर दोर बांधून चढायला. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा छतापाशी लटकलेली ती माझीच मुलगी आहे हे कळलं, आणि दुसऱ्या क्षणी मी शेजारच्या बाईला जर्मनमध्ये सांगत होते, ती वरची आहे ना, ती माझी.

आपल्या कॉलनीतल्या विहाराचं छत पत्र्याचं होतं. वर्षावास लागला की तुम्ही ऑफिसातून यायचे, हातपाय धुऊन पांढरा सदरा घालायचे आणि बुद्धाच्या जीवनाचा तो ग्रंथ काखेत धरून निघायचे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज एक प्रकरण. पाऊस जोरात असला की पत्र्याच्या आवाजात तुमचा आवाज बुडायचा, आणि एका वर्षी तर पत्राच उडाला, तेव्हा वाचन आपल्या स्वयंपाकघरात आलं. त्या एवढ्याशा खोलीत अर्धी कॉलनी बसली आहे. आई चुलीपाशी भाकरी थापते आहे, पण हलक्या हाताने, आवाज होऊ नये म्हणून. तुमच्या चष्म्याची काच त्याच दिवशी फुटली होती. तुम्ही ग्रंथ डोळ्यांच्या जवळ नेता, लांब नेता, आणि मग माझ्या मांडीवर ठेवता. मी तेव्हा तिसरीत. मी वाचते, आणि एका जोडाक्षरावर अडखळते, तर सगळ्या बाया एकदम म्हणतात, "होऊ दे पोरी, होऊ दे." वाचून झाल्यावर तुम्ही मला सांगितलंत की तुमच्या वडिलांना सही करता येत नव्हती, आणि आज त्यांची नात लोकांना वाचून दाखवते. "आता हे तुयं," म्हणालात. "आता सोडाचं नाही." त्या दिवसापासून मी वाचते आहे.

पुढे कॉलेजात गेल्यावर आमच्या वर्गाची चिखलदऱ्याला सहल निघाली, तीही भर श्रावणात, धबधबे बघायला. मी तुमच्या ऑफिसात आले होते परवानगी मागायला. पाटबंधारे खात्याची ती लांबट खोली, नकाशांच्या प्रती काढायच्या अमोनियाचा डोळ्यांत जाणारा वास, आणि काचेच्या टेबलावर वाकलेले तुम्ही. ट्रेसर म्हणजे काय हे मला इथे कोणाला नीट सांगता येत नाही. साहेबांनी काढलेला नकाशा मेणकापडावर शाईने उतरवायचा, एक रेघ चुकली तर ब्लेडने अलगद खरवडायची. समान उंचीच्या त्या वळणदार रेषा तुम्ही जन्मभर ओढल्यात. मी लहान असताना माझं बोट धरून त्यांवरून फिरवायचे: "रेषा लांब-लांब, तं चालत जा. रेषा जवळ आल्या, तं दम लागते." त्या दिवशी मी सहलीचं नाव काढलं तर तुम्ही पेन खाली ठेवलं. "वर्षावासात?" मी म्हटलं, दोनच दिवस. तुम्ही सगळ्या ऑफिससमोर म्हणालात, "डोंगर काही पळून नाही जात. वाचन एकदा सुटलं तं सुटते." तुमच्या शेजारचे ट्रेसर काका खाली मान घालून हसले. मी रडत घरी गेले, आणि संध्याकाळी रडक्या आवाजातच प्रकरण वाचलं. तुम्ही ऐकून घेतलंत, पण नाही म्हणजे नाहीच.

आश्विन पौर्णिमा झाली आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही कॅनव्हासचे बूट आणलेत. एका आकड्याने मोठे, कारण पाय अजून वाढतील असं तुम्हाला वाटलं. एसटीने परतवाड्यावरून आपण दोघंच चिखलदऱ्याला गेलो. मला बूट आणि तुम्ही तुमच्या ऑफिसच्या चपलांत. आभाळ धुतल्यासारखं होतं. एका कड्यावर तुम्ही थांबलात, समोरच्या दरीकडे बराच वेळ बघितलंत आणि म्हणालात, "हे सगळं माझ्या हाताखालून गेलंय. बघायले आज आलो." असा आनंद तुमच्या तोंडावर मी परत कधी बघितला नाही. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की माझा बाप मोठा माणूस आहे. घरी येताना बसमध्ये तुम्ही झोपलात आणि तुमचं डोकं माझ्या खांद्यावर होतं.

तर असं ते वाचन. ते मी हॉस्टेलवर केलं, विमानात केलं, जर्मनीतल्या पहिल्या खोलीत घरमालकिणीला त्रास नको म्हणून पुटपुटत केलं. तुमची नात ऑगस्टमध्ये झाली. कळा सुरू झाल्या तरी मी संध्याकाळी प्रकरण उघडलं, तर इथल्या सुईणबाई म्हणाल्या, "जा, बेटन झी नुर," म्हणजे करा, करा प्रार्थना. मी धापा टाकत त्यांना समजावलं की ही प्रार्थना नाही, वाचन आहे. "गेनाऊ, गेनाऊ," म्हणजे बरोबर, बरोबर, म्हणाल्या, आणि माझी पाठ चोळत राहिल्या. आता तर आमचा मोठा गट आहे. एश्बॉर्नचं एक कुटुंब, वाल्डॉर्फची दोन, इथल्या विद्यापीठातली काही मुलं. वर्षावासात रोज संध्याकाळी सगळे फोनवर जमतात आणि आळीपाळीने वाचतात. आमच्या स्वयंपाकघरात कुकरला टेकवून फोन उभा केलेला असतो. ज्या दिवशी पाळी दुसऱ्याची असते त्या दिवशीही मी आपलं प्रकरण वेगळं वाचते. जावई म्हणतात, गटाचं झालं ना, मग परत कशाला? पण गटाचं गटाचं आणि माझं माझं. तुमची नात त्या वेळी शेजारच्या खोलीत कानांत काहीतरी घालून बसलेली असते, आणि मी धरूनच चालले होते की तिच्या कानापर्यंत काही पोचत नाही.

डोंगराचं खूळ तिचं. शाळेत कोणीतरी चित्र दाखवलं: बर्फाच्या पायथ्याशी माणसाएवढ्या कोबीसारखी झाडं. ती रोज रात्री पानं मिटून घेतात म्हणे, थंडीपासून कोंब वाचवायला. तिथे दररोज दिवसा उन्हाळा आणि रात्री हिवाळा. पोरीने हट्टच धरला. अगदी वरच्या दोन टोकांना दोर आणि दगडाचं कसब लागतं, पण तिसरं टोक चालत गाठता येतं. मी म्हटलं, जाऊ, आपण दोघीच जाऊ. जावयांचे गुडघे कधीचेच निवृत्त झालेत. मग तारखा. इथे शाळा बुडवून मुलांना फिरायला नेता येत नाही, सरकार विचारायला येतं. म्हणजे एकतर झोमरफेरिएन, उन्हाळ्याची मोठी सुट्टी, पण ती नेमकी वर्षावासात. नाहीतर ओस्टरफेरिएन, एप्रिलची. आता आपल्या घरच्या माणसाला यात विचार करण्यासारखं काय आहे? मी एप्रिल धरला. एप्रिल म्हणजे कोरडं आभाळ, तापलेले दगड, पाऊस कुठे औषधालाही नाही. संस्थेत उरलाउबचा, म्हणजे रजेचा अर्ज केला तेव्हा माझ्या सहकाऱ्याने भुवया वर केल्या. "आल्झो, म्हणजे... एप्रिलमध्ये? तेव्हा तिथे रेगनत्साइट नसतो का, पावसाळा?" मी त्याची कीव केल्यासारखं हसले आणि म्हटलं, "नाही रे, पाऊस जुलैत." त्या बिचाऱ्याने मान्य केलं, कारण पाण्याबद्दल मला जास्त कळतं असं आमच्याकडे मानतात. तिथल्या सहलवाल्यांच्या पत्रात तर स्पष्ट लिहिलं होतं की हा 'ग्रीन सीझन' आहे. मी तुमच्या जावयांना म्हटलं, बघा, एप्रिलमध्ये हिरवळ! आपल्याकडे कुठे मिळते?

बाबा, ती हिरवळ मी बघितली. जीप अभयारण्याच्या फाटकाच्या अलीकडेच चिखलात रुतली. आमचा वाटाड्या, साधारण माझ्याच वयाचा, त्याच डोंगराच्या पायथ्याच्या गावातला शेतकरी माणूस, पाण्यात उभा राहून आमच्याकडे इतक्या आदराने बघत होता की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पहिल्या मुक्कामापर्यंत आम्ही चालत गेलो असं म्हणवत नाही, पोहत गेलो म्हणा. तुमची नात पुढे आणि मी मागे, आणि दर दहा पावलांना तिचं एक वाक्य: "आई, दू हास्त गेझाख्ट, ट्रोकन!" म्हणजे तू म्हणाली होतीस कोरडं असतं. त्या मुक्कामाच्या वरची दलदल उभ्या चढाची. आपल्याकडे चिखल निदान सपाटीवर असतो, तिथे तो अंगावर चढून येतो. वर हिमवर्षाव चालू होता. दुसऱ्या मुक्कामाच्या बऱ्याच अलीकडे वाटाड्या थांबला आणि शांतपणे म्हणाला, आता खाली. माझ्या तोंडून निघून गेलं की आम्ही मुद्दाम पाऊस टाळून आलो होतो. त्याने विचारलं, कुठला पाऊस? मी त्याला वर्षावास सांगितला, पहिल्या मुक्कामाला परतल्यावर तिथल्या गळक्या छपराखाली, दात वाजत असताना: जुलैपासून आमच्याकडे पाऊस असतो, पूर्वी भिक्खू त्या दिवसांत फिरले की कोवळी पिकं तुडवली जायची, किडामुंगी मरायची, म्हणून बुद्धाने त्यांना एका जागी राहायला सांगितलं. त्याने सगळं नीट ऐकलं. मग म्हणाला, "चांगला नियम आहे, मॅडम. आमच्या शेतात आत्ताच पेरणी झाली आहे. पण तुम्ही पाऊस कोणाचा धरला? तुमचा, की या डोंगराचा?"

तुमची नात हे ऐकून जी हसत सुटली, ती विमानतळापर्यंत. घरी आल्यावर जावयांनी सगळ्या गटात पसरवलं की आमच्या मॅडम वर्षावास टाळायला गेल्या आणि थेट वर्षावासात जाऊन बसल्या. मला हसू आलं आणि रागही आला, तुमच्यावर थोडा, माझ्यावर जास्त. कारण त्या माणसाने बरोबर तिथे बोट ठेवलं होतं. नियम पावसासाठी होता आणि आपण तो महिन्यांना बांधला. गटाच्या वाचनाला अधूनमधून एक भंतेजी येतात, त्यांना मी विचारलं, ऑगस्टमध्ये डोंगरावर गेलं तर चालेल का? ते म्हणाले, "अहो ताई, वर्षावास आमच्यासाठी, भिक्खूंसाठी असतो. तुम्हाला कोणी अडवलंय? आणि निकडीचं काम असलं तर आम्हालाही आठवडाभर जायची मुभा असते." मी म्हटलं, पण माझं वाचन? "ते तुमच्या वडिलांचं आणि तुमचं," म्हणाले. "त्यात मी पडणार नाही." हुशार माणूस. म्हणजे प्रश्न परत माझ्याच गळ्यात. मी ठरवलं, ऑगस्टमध्ये जायचं आणि वाचनही मोडायचं नाही. प्रकरणं फोनमध्ये भरून घेतली. पोरगी म्हणाली, तिथे नेट्झ नसतं, आई, नेटवर्क. मी म्हटलं, वाचायला नेटवर्क लागत नाही, डोळे लागतात.

आणि ऑगस्टमधला तो डोंगर! बाबा, मी त्याला ओळखलंच नाही. तीच वाट, पण पायाखाली धूळ. आभाळ आपल्या चिखलदऱ्याच्या त्या दिवसासारखं, त्याहून निळं. ती कोबीची झाडं खरंच आहेत, आणि जाड बुंध्याची दुसरी झाडं, डोक्यावर पानांचा झुबका बांधलेली, रांगेत उभी. पहिल्या मुक्कामाला मी संध्याकाळी कट्ट्यावर बसून प्रकरण वाचलं आणि वाटाड्या जरा लांब उभा राहून ऐकत होता. तोच, आम्ही मुद्दाम त्यालाच बोलावलं होतं. दुसरा मुक्काम पार वर, दगडी झोपडी, समोर नुसते काळे कडे. तिथे पोचेपर्यंत माझं डोकं फुटायला आलं. रेषा जवळ आल्या होत्या, बाबा. ओकारी झाली, डोळ्यांपुढे अक्षरं नाचायला लागली. वाटाड्याने माझी नाडी बघितली, पाणी पाजलं, आणि सांगितलं की उद्या मी वर यायचं नाही, सोबत आलेल्या त्याच्या जोडीदाराबरोबर इथेच थांबायचं, आणि रात्रीत जास्त झालं तर लगेच खाली उतरायचं. त्याचं मला वाईट वाटलं नाही. मी फक्त एवढंच म्हणत होते की फोन द्या, प्रकरण राहिलंय. फोन हातात घेतला आणि एक ओळ वाचता आली नाही.

"आई, लास," म्हणाली ती. राहू दे. मग माझ्या झोपायच्या फळीच्या कडेला बसली, आणि वाटाड्या चुलीपाशी होता त्याच्याकडे तोंड करून सांगायला लागली. रोहिणी नदीचं प्रकरण, तुमचं सगळ्यात आवडतं. इकडे शाक्य, तिकडे कोलिय, मध्ये एक नदी, दोघांच्या शेतांना तेच पाणी, आणि आधी कोणी घ्यायचं यावरून मारामारी. तिने इंग्रजीत सुरू केलं, अडली की जर्मन, आणि दोन्ही पुरलं नाही तिथे मराठी: सेनापती, संघ, बहुमत. एक तपशील चुकला नाही. पुढे बुद्ध होणारा शाक्यांचा तरुण उभा राहतो आणि म्हणतो की युद्धाने पाण्याचा प्रश्न सुटणार नाही. मत घेतात, आणि तो हरतो. हरला तरी आपलं म्हणणं बदलत नाही, घर सोडून जातो. मी डोळे मिटून ऐकत होते. म्हणजे इतकी वर्षं शेजारच्या खोलीत, कानांत ते घालून, ही पोरगी सगळं ऐकत होती.

वाटाड्या चुलीवरचा हात थांबवून म्हणाला, "हे तर आमच्या गावचं आहे. वरचे लोक पाइप टाकतात, आणि या दिवसांत खालच्यांना थेंब येत नाही. मग शेवटी पाणी कोणाला मिळालं?" पोरीने माझ्याकडे बघितलं. बाबा, जन्मभर ते प्रकरण वाचलं, आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मी पडल्या पडल्या म्हटलं, "त्याला सांग, पाणीपाळी लावायची असते." तिने विचारलं ते काय. मी तुटक तुटक सांगितलं: कालव्याचं पाणी कोणाला कुठल्या दिवशी, हे आधी ठरवून द्यायचं, वरच्याला आणि खालच्याला सारखंच, म्हणजे कोणाला रात्री काठी घेऊन उभं राहावं लागत नाही. तिने ते त्याला समजावलं. तो म्हणाला, आमचीही तशी समिती आहे, भांडत भांडत चालते, पण चालते. त्यावर ती ताठ बसली आणि म्हणाली, "माझे आजोबा त्या कालव्यांचे नकाशे काढायचे." अगदी सहज. तुमचा एक फोटो बघितलेली मुलगी, जशी काही रोज तुमच्या टेबलाशेजारी बसत होती. माझं डोकं ठणकत होतं, पोटात काही टिकत नव्हतं, आणि मला इतका अभिमान वाटत होता की रडू आवरेना. मी ते वाचन धरलं, बाबा. तीन भाषांतलं होतं, ग्रंथ उघडला नव्हता, तरी मी ते धरलं. याबद्दल तुमच्याशी वाद घालायची माझी तयारी आहे.

सकाळी उजाडायच्या आत ती वाटाड्याबरोबर निघाली. मी तिची टोपी ओढून कानांवर घेतली, आणि तिने ती परत वर केली. मग मी थांबले. आयुष्यात कितीतरी वेळा मी पुढे गेले आणि कोणीतरी मागे थांबलं, हे थांबणं कसं असतं ते मला माहीत नव्हतं. जोडीदाराने मला चहा दिला, कड्याच्या कुठल्या घळीतून वाट जाते ते दाखवलं, पण ढग आले आणि काही दिसलं नाही. मी मनात त्या रेषा मोजत बसले, आता जवळ आल्या असतील, आता अजून जवळ. ऊन चांगलं वर आलं तेव्हा ती खाली येताना दिसली, दगडांवरून उड्या मारत, तोंड भाजल्यासारखं लाल. वाटाड्या मागून ओरडत होता, हळू, हळू. मी विचारलं, कसं होतं? "ओबेन झिंट नुर श्टाइनं," म्हणाली, वर नुसते दगड आहेत. मग माझ्या गळ्यात पडली. वाटाड्या मला म्हणाला, तुमच्या मुलीने वर पोचल्यावर पहिल्यांदा विचारलं की पायथ्याची ती भांडणाची नदी कुठली, दाखव. त्याने बोट दाखवलं, म्हणे, आणि ती बराच वेळ तिकडे बघत होती.

त्याच दिवशी आम्ही खालच्या मुक्कामाला उतरलो. जसं खाली आलो तसं माझं डोकं साफ झालं, भूकही लागली. संध्याकाळ झाली. तिने चार घास खाल्ले आणि चमचा हातात असतानाच भिंतीला टेकून झोपली, पायांत बूट तसेच. मी ते सोडले, अंगावर पांघरूण घातलं, आणि फोन उघडून प्रकरण काढलं. अक्षरं आता ठणठणीत दिसत होती. वाचन मोठ्याने करायचं असतं, हा तुमचा नियम, मनातल्या मनात वाचलं ते मोजायचं नाही. एवढ्याशा खोलीत मी नुसतं पुटपुटले असते तरी ती जागी झाली असती, आणि बाहेर वारा असा सुटला होता की कट्ट्यावर बसवत नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं. तोंड उघडं टाकून झोपली होती, ओठ फुटलेले, नाकावरची कातडी सोललेली. मी फोन बंद केला आणि तिच्या शेजारी बसून राहिले, पार अंधार पडेपर्यंत. तिसरीपासून कधी मोडलं नव्हतं ते मी त्या दिवशी मोडलं, आणि खरं सांगते, मनात कुठे खंत शोधली तर सापडली नाही. होता तो नुसता अभिमान, तिचा, तुमचा, आणि का नाही म्हणू, माझाही. नेटवर्क आलं तसं गटाला कळवून टाकलं की काल माझं वाचन झालं नाही.

दुसऱ्या दिवसापासून परत सुरू केलं. वर्षावास अजून चालूच आहे, हे लिहिते आहे तेव्हा खिडकीबाहेर इथला बारीक पाऊस आहे आणि ती शेजारच्या खोलीत आहे. तुम्ही मला रागावला असतात का, यावर मी बराच विचार केला. रागावला असतात, नक्की. हे पत्र कुठे जाणार नाही, त्याचं मला एका बाजूने बरंच वाटतं. कारण एक गोष्ट कबूल करायला हवी, आणि ती मला तुमच्या तोंडावर सांगता आली नसती. बाबा, तुम्ही असतात, तर त्या संध्याकाळी मी तिला हलवून उठवलं असतं आणि वाचलं असतं.